मे महिन्याची सहल, हप्ता न चुकवता

सहलीचे पैसे ऐनवेळी क्रेडिट कार्डावर जातात आणि आधीच्या कर्जात आणखी एक भर पडते. त्यापेक्षा सप्टेंबरातच बँकेत सहा महिन्यांची आवर्ती ठेव (आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) सुरू करा.

१. खर्च २४,००० धरला तर महिना ४,०००. कर्जाचा हप्ता ५ तारखेला जात असेल तर आरडीची तारीख ७ ठेवा. उलट केलं की खात्यात पैसे कमी पडतात, हप्ता बाउन्स होतो आणि दंड वर.

२. ठेव ७ मार्चला हातात येते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १५ मेच्या गाडीसाठी १६ मार्चला. नोव्हेंबरात सुरू केलेली आरडी इथेच फसते: तिकिटं काढायची वेळ येते तेव्हा पैसे अडकलेले.

३. ४,००० झेपत नसतील तर मुक्कामाची एक रात्र कमी करा. कर्जाच्या हप्त्याला हात नको. राज्यातच जायचं असेल तर एसटी बघा, महिलांना निम्मं भाडं आहे.

पोस्टाची आरडी यासाठी घेऊ नका, ती पाच वर्षांची असते.