युद्धपट किती खरा, हे कसे पारखावे

युद्धपट पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक बहुधा दोनच निवाडे देतो : ‘अगदी खरे वाटले’ किंवा ‘सगळेच फिल्मी होते’. हे दोन्ही निवाडे रक्त किती सांडले आणि आवाज किती मोठा होता यावरून दिलेले असल्यामुळे त्यांच्यातून चित्रपटाविषयी फारसे काही कळत नाही. प्रत्येक दिग्दर्शक वास्तवापासून सूट घेतो आणि त्याला ती घ्यावीच लागते. म्हणून पारखणाऱ्याने सूट घेतली की नाही हे न विचारता ती कशासाठी घेतली हे विचारावे. प्रेक्षकाला दृश्य समजावे म्हणून घेतलेली सूट, पैसा किंवा साधने नव्हती म्हणून घेतलेली सूट आणि लढाई का जिंकली वा हरली याचे कारणच बदलून टाकणारी सूट, या तिन्ही एका मापाने मोजू नयेत.

सुरुवातीला चित्रपटाचा दावा काय आहे ते पाहावे. ‘लक्ष्य’ (२००४) कारगिलच्या युद्धात घडतो, पण त्याचा नायक काल्पनिक आहे. त्यामुळे तिथे नावे आणि तारखा धुंडाळणे व्यर्थ असून डोंगर, हवामान आणि सैनिकी शिस्त एवढेच तपासावे. ‘शेरशाह’ (२०२१) मात्र कॅप्टन विक्रम बत्रा यांचे नाव घेऊन उभा राहतो. साहजिकच पॉइंट ५१४० आणि पॉइंट ४८७५ या शिखरांवरील लढायांचा क्रम, तेरावी जम्मू-काश्मीर रायफल्स ही त्यांची पलटण आणि ७ जुलै १९९९ रोजी त्यांना आलेले वीरमरण या सर्व गोष्टी त्याने जुळवून दाखवल्या पाहिजेत. अशा चित्रपटासाठी शौर्यपदकाचे सन्मानपत्र आधी वाचून ठेवावे. ते गौरवाच्या भाषेत लिहिलेले असले, तरी ठिकाण, तारीख आणि प्रत्यक्ष कृती त्यात नोंदलेली असते.

चित्रपट पहिल्यांदा नुसता पाहावा. दुसऱ्यांदा पाहताना वही जवळ ठेवून वेळ, अंतर, शस्त्रे आणि माणसे या चार गोष्टींची टिपणे करावीत. यांपैकी वेळ आणि अंतर पडताळणे सर्वांत सोपे असते, कारण त्यासाठी एक नकाशा पुरतो. ‘तान्हाजी’ (२०२०) या चित्रपटात कोंढाण्यावर एक अजस्र तोफ चढवली जाते आणि तिचे तोंड राजगडाकडे असते. नकाशावर हे दोन किल्ले सरळ रेषेत सुमारे १५ किलोमीटर अंतरावर आहेत, आणि सतराव्या शतकातील कोणत्याही तोफेला इतक्या अंतरावरचे लक्ष्य गाठणे शक्य नव्हते. ही सूट तिसऱ्या प्रकारची ठरते, कारण त्या तोफेमुळे मोहिमेचे कारणच बदलते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मूठभर मावळ्यांनी कडा चढून किल्ल्यात उतरणे एवढे थरारक असताना तोफेची भर घालावीशी वाटावी, हे मला अनाकलनीय वाटते.

वेळेच्या बाबतीत १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या माघारीवरचा ‘डंकर्क’ (२०१७) अभ्यासण्यासारखा आहे. किनाऱ्यावरचा एक आठवडा, समुद्रावरचा एक दिवस आणि आकाशातला एक तास अशा तीन धाग्यांत तो विणलेला आहे, आणि वेळेचे हे मोडणे-जोडणे दिग्दर्शक उघडपणे सांगून करतो. त्यातील जर्मन लढाऊ विमानांची नाके पिवळी दिसतात. तो रंग डंकर्कच्या माघारीनंतर वापरात आला, परंतु गर्दीच्या हवाई झटापटीत शत्रू चटकन ओळखता यावा म्हणून तो मुद्दाम घेतला आहे. ही सूट मी आनंदाने देतो. त्याच चित्रपटातील गोळ्यांचा हिशेब मात्र तितका निर्दोष नाही. त्या काळच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाला आठ मशीनगन असत, प्रत्येकीला सुमारे ३०० काडतुसे मिळत आणि सलग मारा केल्यास ती जेमतेम पंधरा सेकंदांत संपत. घड्याळ लावून पाहिल्यास कथा संपण्याच्या बऱ्याच आधी वैमानिकाच्या बंदुका रित्या व्हायला हव्यात.

शस्त्रांची पारख करण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. रायफलच्या मॅगझिनमध्ये किती काडतुसे बसतात ते आधी शोधून ठेवावे आणि पडद्यावर फैरी मोजाव्यात. १९७१ मध्ये भारतीय पायदळाकडे असलेल्या एसएलआर रायफलचे मॅगझिन २० काडतुसांचे होते. हातबॉम्ब फुटल्यावर नारिंगी आगीचा लोळ उठला, तर तो पेट्रोलचा खेळ समजावा. खऱ्या स्फोटात क्षणभर चमक दिसते, मग धूळ आणि धूर उठतो, आणि माणसे मरतात ती उडणाऱ्या तुकड्यांनी. आवाजाकडेही कान द्यावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवरचा स्फोट दिसल्यानंतर जवळजवळ तीन सेकंदांनी ऐकू यायला हवा. पडद्यावर तो बहुतेक वेळा त्याच क्षणी ऐकू येतो.

रणगाडे ओळखताना पट्ट्याच्या आतली चाके पाहावीत. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) मधील जर्मन टायगर मुळात सोव्हिएत टी-३४ च्या सांगाड्यावर रचलेला आहे. खऱ्या टायगरची चाके एकमेकांवर चढलेली असत, टी-३४ ला प्रत्येक बाजूला पाच मोठी सुटी चाके असतात. त्या वेळी चालू स्थितीतला टायगर उपलब्ध नव्हता, म्हणून हा दोष क्षम्य आहे. याच चित्रपटातील ओमाहा किनाऱ्यावर (फ्रान्समधील नॉर्मंडी) अमेरिकी सैन्य उतरते त्या सुरुवातीच्या दृश्याची जगभर वाखाणणी झाली आणि ती योग्यच आहे. तरीही त्यात खोल पाण्याखाली सैनिकांना गोळ्या लागून ते मरताना दिसतात. रायफलची गोळी पाण्यात शिरताच फार थोड्या अंतरात आपला वेग गमावते. रणगाडे प्रत्यक्ष पाहून डोळा तयार करायचा असेल, तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आपल्याला जवळ आहे.

आता एकच चित्रपट सविस्तर घेऊ. ‘बॉर्डर’ (१९९७) आपल्याकडे अनेकांनी इतक्या वेळा पाहिला आहे की त्यातील प्रसंग हेच लोंगेवालाचे युद्ध, अशी समजूत झाली आहे. चित्रपटाचा सांगाडा खरा आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानच्या वाळवंटातील लोंगेवाला चौकीवर तेविसाव्या पंजाब पलटणीची एक कंपनी, म्हणजे सुमारे १२० माणसे, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली होती, आणि समोरून पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा ताफा आला. सीमेवर गस्त घालणाऱ्या लेफ्टनंट धरमवीर यांना रणगाड्यांचा आवाज ऐकू आला, हेही खरे आहे. जैसलमेरच्या तळावरील हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नव्हती, त्यामुळे कंपनीला पहाटेपर्यंत तग धरावा लागला. लढाईचा सारा ताण या एका वस्तुस्थितीत आहे, आणि ती चित्रपटाने नीट पकडली आहे.

आता बदल पाहावेत. पडद्यावर कंपनीतील माणसे एकामागून एक पडतात, तर प्रत्यक्षात चौकीवरील भारतीय मृत्यूंची संख्या दोन अशी नोंदली गेली आहे. सीमा सुरक्षा दलाचे भैरोसिंग राठोड पडद्यावर रणगाड्याशी झुंजत प्राण देतात. खरे राठोड २०२२ पर्यंत हयात होते. धरमवीर यांचे पात्रही पडद्यावर मरते, पण ते अधिकारी युद्धातून जिवंत परतले होते. जिवंत माणसाला त्याच्याच नावाने पडद्यावर मारणे ही माझ्या मते केवळ नाट्यमयतेची बाब राहत नाही.

याहून महत्त्वाचा बदल सहज लक्षात येत नाही. आक्रमक सैन्य पुरेशी टेहळणी न करता, हवाई संरक्षणाशिवाय, अनोळखी वाळूत रात्री शिरले. काटेरी तार दिसताच पुढे सुरुंग असतील या समजुतीने ते थबकले आणि त्यात मोलाचा वेळ गेला. रणगाडे वाळूत रुतले, आणि उजाडल्यावर आडोसा नसलेल्या मैदानात ते हंटरच्या तोंडी सापडले. चित्रपटात विमाने येतात खरी, परंतु तोवर गर्जना, बलिदान आणि समोरासमोरची झुंज यांनी प्रेक्षकाच्या मनात विजयाचे कारण ठरवून टाकलेले असते. श्रेय पायदळाचे किती आणि वायुदलाचे किती, यावर पुढे माजी अधिकाऱ्यांमध्येच जाहीर वाद झाला. म्हणून या लढाईसाठी दोन्ही दलांचे लेखन शेजारी ठेवून वाचावे.

माणसांकडे पाहताना जखमींवर विशेष लक्ष ठेवावे. कारगिलच्या युद्धात भारताचे ५२७ सैनिक मृत्युमुखी पडले आणि १,३६३ जखमी झाले, म्हणजे प्रत्येक मृतामागे दोनांहून अधिक जखमी. चित्रपटांत हे प्रमाण उलटे होते : माणूस एक तर धडधाकट असतो किंवा दोन वाक्ये बोलून प्राण सोडतो. जखमीला कड्यावरून खाली कोणी आणि कसे नेले, हे दाखवणारा चित्रपट अधिक विश्वासाचा मानावा. उंचीही विसरू नये. पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो, त्यामुळे चढून आल्याबरोबर खणखणीत आवाजात लांब संवाद म्हणणारा सैनिक संशयास्पद समजावा.

यानंतर चौकटीबाहेर कोण राहिले ते शोधावे. डंकर्कच्या किनाऱ्यावरून भारतीय सैन्याच्या खेचर-कंपन्याही माघारी आल्या होत्या, पण त्या चित्रपटात दिसत नाहीत. ‘यू-५७१’ (२०००) मध्ये जर्मन पाणबुडीवरचे एनिग्मा हे गुप्त संदेशांचे यंत्र अमेरिकी नौसैनिक हस्तगत करतात. मे १९४१ मध्ये यू-११० या जर्मन पाणबुडीवरून ते मिळवले ब्रिटिश नौदलाने, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. रस्ते, सुरुंग आणि रसद सांभाळणारी माणसे तर कोणत्याही देशाच्या युद्धपटात क्वचितच येतात. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे यांना परमवीरचक्र मिळाले ते एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातील या अधिकाऱ्याचे काम मोठ्या पडद्यासाठी फार संथ मानले जात असावे.

टिपणे पूर्ण झाल्यावर चित्रपटाला दहापैकी गुण देण्याचा मोह टाळावा. वस्तू, घटना आणि अनुभव यांचे निवाडे वेगळे लिहावेत, कारण ते क्वचितच जुळतात. जर्मन पाणबुडीवरचा ‘दास बोट’ (१९८१) तिन्हींत बराच वर राहतो. ‘बॅटल ऑफ द बल्ज’ (१९६५) पहिल्या दोहोंत साफ नापास होतो. १९४४ च्या डिसेंबरातील आर्डेनच्या जंगलातली रणगाड्यांची लढाई त्यात स्पेनच्या कोरड्या मैदानात, युद्धानंतरच्या अमेरिकी पॅटन रणगाड्यांना जर्मन ठरवून लढवली आहे. चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) तंत्राच्या दृष्टीने जुना आहे आणि त्यातील स्फोट आज कोणालाही खोटे वाटतील. पण लडाखमध्ये चित्रित झालेल्या त्या कृष्णधवल चौकटींत अपुरी साधने, थंडी आणि माघार जशी दिसते, तशी पुढच्या खर्चिक हिंदी युद्धपटांत मला दिसलेली नाही. १९६२ च्या पराभवाला दोनच वर्षे झालेली असताना, हरलेल्या सैन्याला खोटा विजय न देता त्याने पडद्यावर आणले. वस्तूंच्या रकान्यात त्याला कमी लिहावे, अनुभवाच्या रकान्यात सढळ हाताने लिहावे.