कॉमेंट्री बॉक्समध्ये सट्ट्याच्या भावाची भाषा: नव्याने येणाऱ्यांसाठी

आयपीएलचं समालोचन मराठीतही सुरू झालं आणि या कामाकडे येणाऱ्यांसाठी एक नवा रस्ता उघडला. उच्चार, आकडेवारी, खेळाडूंची माहिती यांची तयारी सगळेच करून येतात. सट्ट्याचा विषय माइकसमोर निघाला की काय बोलायचं आणि कुठे थांबायचं, याची तयारी मात्र फार थोड्यांची असते. ती आधीच करून ठेवलेली बरी.

सट्ट्याबद्दल माइकवर बोलण्याची रीत बदलली आहे आणि हा बदल सर्वांत ठळकपणे दिसतो तो अमेरिकेत. तिथे १९९२ च्या केंद्रीय कायद्यामुळे नेवाडा आणि मोजकी राज्यं सोडली तर खेळांवर पैसे लावायला परवानगी नव्हती. त्या काळात अल मायकल्ससारखे समालोचक सूचकपणे बोलत. निकाल लागून गेलेल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला तीन गुण आले, तर गुणांच्या फरकावर पैसे लावलेल्या जाणकाराला कळेल एवढाच इशारा द्यायचा, भावाचा, म्हणजे किती लावले तर किती मिळतील या आकड्याचा, उच्चार करायचा नाही. १४ मे २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि काही वर्षांतच भाव थेट पडद्यावर आले. ईएसपीएनने तर पेन एंटरटेनमेंट या कंपनीशी दहा वर्षांसाठी दीड अब्ज डॉलर रोखीचा करार केला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सट्ट्याच्या ॲपला स्वतःचं नाव दिलं. तो करार १ डिसेंबर २०२५ रोजी, जेमतेम दोन वर्षांत, संपला.

आमचं मत असं की सट्ट्याबद्दल उघडपणे बोलणं वाईट नाही. लाखो लोक पैसे लावतात हे माहीत असून गप्प राहण्यात कसला शहाणपणा? घातक आहे तो अर्धवट उघडपणा, म्हणजे भाव सांगायचा आणि हिशेब लपवायचा. म्हणून पहिल्यांदा हिशेब शिका.

अमेरिकेतला नेहमीचा भाव 'वजा ११०' असतो. १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात. दोन बाजूंनी दोघांनी ११० लावले की धंदेवाल्याकडे २२० जमतात. जिंकणाऱ्याला २१० द्यायचे, १० आपल्याकडे राहतात. म्हणजे जमलेल्या पैशातले साधारण साडेचार टक्के, निकाल काहीही लागो. पैसे लावणाऱ्याला नुसतं बरोबरीत राहायचं तरी शंभरातले ५२.४ अंदाज खरे यावे लागतात. अर्धे अंदाज बरोबर येणारा माणूस हळूहळू बुडत असतो आणि त्याला ते कळतही नाही.

आता 'पार्ले' घ्या. चार अंदाज एकत्र बांधायचे आणि चारही खरे आले तरच पैसे. प्रत्येकाची शक्यता निम्मी धरली तर चारही जुळण्याची शक्यता सोळात एक, म्हणून न्याय्य परतावा सोळापट. वजा ११० च्या भावाने मिळतो सुमारे १३.३ पट. शंभर रुपयांमागे सरासरी १७ रुपये कापले जातात, एकट्या अंदाजाच्या जवळजवळ चौपट. ज्या पार्लेची जाहिरात सर्वांत मोठ्या आवाजात होते, त्यात हे घडतं. 'दहाचे एकशेतेहतीस' वाचायची वेळ आली तर सोळाचा आकडाही त्याच दमात सांगता आला पाहिजे.

सामन्यातल्या एका खेळाडूवर किंवा एका चेंडूवर लागणारे पैसे हा वेगळा धोका. आपल्याकडच्या बेकायदा बाजारात याला 'फॅन्सी' म्हणतात. ठरावीक षटकांतल्या धावांवर लागतं ते 'सेशन'. सामना हरवायला बरेच जण सामील व्हावे लागतात, पण एक नोबॉल टाकायला एकटा गोलंदाज पुरतो. टोरांटो रॅप्टर्स या बास्केटबॉल संघाचा जाँटे पोर्टर मार्च २०२४ मध्ये आजारपण सांगून तीन मिनिटांच्या आत मैदानाबाहेर गेला. त्याची कामगिरी ठरावीक आकड्यापेक्षा कमी राहील, यावर कुणी तरी ८०,००० डॉलरचा पार्ले लावला होता. एनबीए या बास्केटबॉल लीगने एप्रिलमध्ये त्याच्यावर आजीवन बंदी घातली.

माहितीच्या बाबतीत नवखे सर्वाधिक चुकतात, म्हणून इथे जास्त लक्ष द्या. खेळपट्टी आणि हवामान या वरवर निरुपद्रवी गोष्टी वाटतात. पण १९९४-९५ मध्ये मार्क वॉ आणि शेन वॉर्न यांनी एका भारतीय बुकीकडून पैसे घेऊन नेमकं हेच सांगितलं होतं. मंडळाने त्यांना दंड केला होता, तरी प्रकरण जगासमोर आलं ते डिसेंबर १९९८ मध्ये. तुम्हाला नाणेफेकीच्या आसपास अंतिम अकरा जणांची नावं कळतात, सरावात कोण लंगडत होतं ते दिसतं. ही माहिती आधी प्रक्षेपणावर द्यायची, किंवा कुणालाच नाही. मित्राच्या ग्रुपवर, घरी, 'सहज' सुद्धा नाही.

दुसरी गळती वेळेची. नियंत्रण कक्षातलं चित्र आणि घरी मोबाइलवर दिसणारं चित्र यांत बरेच सेकंद जातात. मुंबईच्या स्टुडिओत बसून समालोचन करताना 'विकेट पडली' हे तुम्ही प्रेक्षकाच्या आधी पाहता. सामना चालू असताना पैसे लागतात त्या बाजारात तेवढ्या सेकंदांना किंमत आहे. फोन बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवा. खिशात बंद करून ठेवणं पुरेसं नाही, कारण नंतर चौकशी झाली तर तो बंद होता हे सिद्ध करत बसावं लागतं.

तिसरी गोष्ट, स्वतःचे हितसंबंध. जून २०२३ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टआधी, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्याआधी, शॅम्स शरानिया यांनी दुसऱ्या क्रमांकासाठी स्कूट हेंडरसनचं पारडं जड होत असल्याचं लिहिलं आणि भाव झपाट्याने हलले. निवड झाली ब्रँडन मिलरची. शरानिया तेव्हा बातमीदार होते आणि फॅनड्युएल या सट्टा कंपनीच्या वाहिनीवरही दिसत. बातमी प्रामाणिक असली तरी अशा वेळी शंका घ्यायला जागा राहते. एका कंपनीचा पगार आणि त्याच बाजाराची बातमी, हे दोन्ही एकत्र घेऊ नका.

आता आपला कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ड्रीम११ भारतीय संघाच्या जर्सीवरून गेली ती यानंतर. अडचण येते आडवाटेने. परदेशी सट्टा कंपनी 'क्रीडा वार्ता' नावाचं संकेतस्थळ काढते आणि तुमच्या हातात येते त्याच बोधचिन्हाची ओळ: 'आजचा अंदाज सादर करत आहेत...'. माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ पासून अशा छुप्या जाहिरातींविरुद्ध सूचना काढल्या आहेत. वाचण्यापूर्वी नाव आणि चिन्ह शोधून पाहा, शंका आली तर विधी विभागाची मंजुरी ईमेलवर मागा. तोंडी 'चालेल' पुरत नाही. आवाज तुमचा असतो.

शब्दही जपून वापरा. पडद्यावर 'विजयाची शक्यता ७० टक्के' आलं तर तो गणिती अंदाज असतो, बाजाराचा भाव नव्हे. आणि अशा दहा सामन्यांत तीन उलटतात, म्हणून 'सामना खिशात' म्हणू नका. 'खात्रीने', 'डोळे झाकून' हे शब्द वहीतून खोडून टाका. झेल सुटला की 'यानेच घात केला' हे वाक्यही टाळा. हरलेल्या पैशांचा राग काही लोक थेट खेळाडूंवर काढतात, तर काही पैसे जिंकण्यासाठीच त्यांना छळतात. जून २०२५ मध्ये फिलाडेल्फियात धावपटू गॅबी थॉमसला शर्यतीच्या वेळी एकाने छळलं आणि त्यामुळे ती हरली, आपला पार्ले जिंकला, असं वर स्वतः मिरवलं.

एखादी गोष्ट विचित्र दिसली तर दिसलं तेवढंच सांगा. लॉर्ड्सवर ऑगस्ट २०१० मध्ये मोहम्मद आमिरचा पाय रेषेच्या कितीतरी पुढे पडला. पाय किती पुढे होता हे सांगणं समालोचकाचं काम. का पडला, हे ठरवणं तपास यंत्रणांचं आणि न्यायालयाचं. 'फिक्सिंग' हा शब्द पुराव्याशिवाय उच्चारला तर बदनामीचा दावा तुमच्यावर येऊ शकतो.

सट्ट्याच्या व्यसनाचा विषय चर्चेत निघाला तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक सांगा: १४४१६. जाहिरातीतल्या इशाऱ्यासारखा एका श्वासात उरकू नका. आकडे सुटे करून, दोनदा, आणि मध्ये क्षणभर थांबून. ज्याला तो हवा असतो तो बहुधा लिहून घ्यायच्या तयारीत बसलेला नसतो.