२४ तासांची बाई ठेवताय? या चुका टाळा

आमच्या कोल्हापुरात, राजारामपुरीत घरातलं म्हातारं माणूस पडलं, खुबा मोडला, की मला फोन येतो, "वैनी, २४ तासांची बाई बघा की, उद्यापासनं पायजे." काय ठरवायचं, काय लिहायचं याला कुणाला वेळ नसतो. तीन महिन्यांनी परत फोन, बाई न सांगता गेली म्हणून. का गेली ते मला न विचारताच कळतं.

"पैसे माझ्याकडंच राहू देत, एकदम देते"

ही सगळ्यात वाईट चूक, आणि ती मी स्वतः केली आहे. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा राधानगरीकडच्या एक मावशी आमच्याकडं अकरा महिने होत्या. पगार माझ्याकडं जमा. लागतील तसे त्या पाचशे-पाचशे मागायच्या, मी डायरीत मांडायचे. एका रात्री लेकीच्या बाळंतपणाचा निरोप आला. "वैनी, मी जातो." घाईत हिशेब केला. माझ्या डायरीत त्यांची उचल वीस हजार. त्या म्हणाल्या, "एवढं न्हाई वो घेतलं." मी डायरी पुढं केली. त्यांना वाचता येत नव्हतं. दिले तेवढे घेतले, सासूबाईंच्या पाया पडल्या आणि गेल्या.

पंधरा दिवसांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. उजेडात धरलं तर तारखांच्या चौकोनांत सुईनं टोचलेली बारीक भोकं. पाचशे घेतले की एक भोक. मोजली, एकतीस भरली. डायरीशी ताडून पाहिलं, तर भाजी आणायला दिलेले पाचशे मी नऊ वेळा त्यांच्या नावावर लिहिले होते. साडेचार हजार रुपये! दुसऱ्या दिवशी एसटीनं जाऊन त्यांच्या हातात ठेवले. त्या परत आमच्याकडं आल्या नाहीत.

तेव्हापासून पगार १ तारखेला, पूर्ण, तिच्या स्वतःच्या खात्यात. नवऱ्याच्या किंवा भावाच्या नाही. खातं नसेल तर जनधनचं शून्य शिल्लकीवर उघडतं, पहिल्याच आठवड्यात मी बरोबर जाते. वह्या दोन, एक तिच्याकडं. बाजाराचे पैसे वेगळ्या पाकिटात.

रात्र न मोजणं

रात्री चारदा उठून पेशंटला बेडपॅन द्यायचं, कूस बदलायची, आणि पहाटे साडेपाचला दूध तापवायलाही तीच. असं कुणाचंच शरीर चालत नाही. रात्री दोनदापेक्षा जास्त उठावं लागत असेल तर दुपारी चार तास दार लावून झोप, मध्ये हाक मारायची नाही. तेही जमत नसेल तर रात्रीसाठी वेगळी बाई ठेवा. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. "मग त्या दिवशी कोण करणार?" हे ज्या घरातून विचारतात, तिथं तीन धडधाकट माणसं असतात.

"खाऊन-पिऊन राहते की"

म्हणून पगार कमी करू नका. ती तुमच्याकडं राहते ती तुमची गरज म्हणून. मी धुणं-भांडी, स्वयंपाक, फरशी आणि पेशंट यांना वेगवेगळ्या बायका लावल्या तर किती लागतील ते मांडते. त्या बेरजेखाली बोलणी करत नाही.

उचल फिटेपर्यंत सोडायचं नाही, आधार कार्ड काढून ठेवायचं, हे तर बोलूही नका. कर्जापोटी माणूस अडकवून ठेवणं १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

झोपायला आतून कडी लागणारी जागा हवी, ओट्याखालचा कोपरा नको. रविवारी मटण असेल तर तिच्या ताटातही फोडी वाढा, नुसता रस्सा नको. तिचा फोन तिच्याकडंच राहू द्या. जोतिबाच्या यात्रेची सुट्टी आधीच ठरवा. चौदाच्या आतल्या पोरांना घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे, मी तर अठराच्या आतली कुणालाच सुचवत नाही.

२००८ च्या कायद्यानं झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात १८ ते ६० वयाच्या बायकांची नोंदणी होते. त्यासाठी मालकाचा दाखला लागतो आणि तो लिहून द्यायला लोक उगाच घाबरतात. द्या लिहून. शिवाय बँकेत पंतप्रधान सुरक्षा विम्याचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपयांत अपघाताचं २ लाखांचं संरक्षण मिळतं. ते २० रुपये मी पहिल्या पगारात वर घालते.