मोवर हलत नाही? बेल्ट बदलण्याआधी या चुका टाळा

राइड-ऑन मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, जागचा हलेना, की माळी म्हणतो "बेल्ट गेला" आणि मॅनेजर म्हणतो "मग नवा घाल". खाली वाकून बघायला कोणी तयार नसतं. गोव्यात पाऊस धरला की गवत बघता बघता घोट्याच्या वर जातं, ओल्या गवतात मशीन कण्हायला लागतं आणि चवथीच्या तोंडावर माझा फोन सुरू होतो. बऱ्याचदा जाऊन बघावं तर बेल्ट धडधाकट.

आधी कुठला बेल्ट ते ठरवा. बहुतेक मशीनना दोन असतात. एक इंजिनाकडून मागच्या गिअरबॉक्सला जातो, तो गाडी चालवतो. दुसरा डेकमधली, म्हणजे खालच्या कापणीच्या झाकणातली, पाती फिरवतो. गाडी पळतेय पण गवत कापत नाही, तर ड्राइव्ह बेल्टला उगाच हात लावू नका.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. हायड्रो, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, गिअरबॉक्सच्या मशीनला मागच्या बाजूला एक दांडा किंवा लिव्हर असतो. इंजिन बंद असताना मशीन ढकलता यावं म्हणून तो गिअरबॉक्स मोकळा करतो. ढकलून झाल्यावर तो परत जागेवर न्यायचा असतो, आणि नेमकं तेच राहून जातं. मग इंजिन चालतं, बेल्ट फिरतो, चाकं ढिम्म.

बार्देशातल्या एका रिसॉर्टवर डिसेंबरात हेच झालं. संध्याकाळी लॉनवर लग्न, मंडपवाले सामान घेऊन खोळंबलेले आणि मशीन मधोमध उभं. ऑपरेटरने सकाळी बाजारातून बेल्ट आणून घातला होता. चाललं नाही, म्हणून "भारीतला" दुसरा आणून घातला. तोही चालला नाही. मी आधी मागे गेलो. दांडा बोटभर बाहेर, त्याच्या खाचेत सुकलेलं गवत. आदल्या दिवशी मंडपाच्या टेम्पोला वाट द्यायला मशीन ढकललं होतं. दांडा आत सारला, मशीन निघालं. जुना बेल्ट शेडमध्ये पडला होता, ना भेग, ना कड फाटलेली. तोच परत चढवला. मॅनेजर म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच होतं, पात्रांव, पण येण्याजाण्याचे पैसे लागतातच.

माझी सवय सांगतो. अशा बऱ्याच गिअरबॉक्सवर पुलीपाशी छोटा प्लॅस्टिकचा पंखा असतो. इंजिन चालू करून लांबूनच, हात न घालता, तो बघायचा. जोरात फिरतोय आणि तरी गाडी हलत नाही, तर आधी दांडा तपासा. थंड असताना नीट चालून अर्ध्या तासाने चढावर दम सोडत असेल, तर बहुधा गिअरबॉक्सचं तेल किंवा आतली झीज. बेल्ट घसरला तर किंचाळतो, जळक्या रबराचा वास येतो आणि त्याच्या कडा काचेसारख्या चमकतात.

दुसरी चूक बाजारातली. जुना बेल्ट दुकानात नेऊन शेजारी धरायचा आणि "असाच द्या" म्हणायचं. जुना ताणलेला असतो, झिजलेला असतो. शिवाय मापाची भानगड आहेच. ए-६८ म्हणजे आतून ६८ इंच, तर ४एल-७०० म्हणजे बाहेरून ७० इंच. दोन्ही जवळपास एकाच लांबीचे. हे न कळल्यामुळे लोक दोन इंच लांब बेल्ट घालतात आणि बेल्ट ताणणाऱ्या स्प्रिंगला शिव्या देतात. गाडीचा साधा फॅन बेल्ट तर मुळीच घालू नका. तो एकसारखा फिरायला बनवलेला असतो. मोवरचा बेल्ट क्लचसारखा सैल पडतो, पुन्हा आवळतो, पाठीवरूनही पुलीला घासतो, म्हणून त्यावर कापडी वेष्टन आणि आत जास्त मजबूत दोरे असतात. मशीनच्या पुस्तकातला पार्ट नंबर घेऊन जा. चार दिवस थांबावं लागलं तर थांबा. घाईने आणलेला बेल्ट एका पावसात जातो.

आणि बेल्ट खरंच जळला असेल तर कशामुळे जळला ते शोधल्याशिवाय नवा घालू नका. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत आयडलर पुलीचं, म्हणजे बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीचं, बेअरिंग आणि स्प्रिंग गंजतात. त्यात आमच्याकडे मशीन प्रेशर पंपाने धुवायची हौस, पाणी थेट बेअरिंगमध्ये. पुली हाताने फिरवा, खरखर लागली तर बदला. पुलीच्या खाचेचा तळ घासून चकचकीत दिसला, तर बेल्ट तळाला टेकतोय. व्ही-बेल्टने कडांनी पकडायचं असतं. बेल्ट नाहीतर पुली झिजलीय.

पिठाच्या गिरणीतली राळ इथे चोळू नका, धूळ धरून बेल्ट आणखी खराब होतो.

पार्किंग ब्रेक अर्धवट लागलेला नाही ना, बघा.

सपाट आयडलर बेल्टच्या पाठीला, खाचेचा आतल्या बाजूला. अदलाबदल झाली की बेल्ट उडालाच.

जुना काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बेल्ट अडकवायच्या पिना वाकवून, स्क्रूड्रायव्हरने बेल्ट उपटून चढवणारे महाभाग मला दर वर्षी भेटतात. पिना वाकल्या की पहिल्याच वळणावर बेल्ट बाहेर.

आणि खाली हात घालण्याआधी चावी काढा, प्लगची कॅप उपसून बाजूला करा, सायलेन्सर निवू द्या.