अंबडला युनिट टाकताय? मशिनच्या आधी माणसांची तयारी बघा

मशिनची ऑर्डर गेली, थ्री फेज आलं, दसऱ्याला पूजा करून शेड चालू, सगळं ठरलेलं असतं, पण माणसांच्या तयारीची यादी कोणी करत नाही म्हणून ही लिहितोय, तीस-चाळीस माणसांचं युनिट धरून, नाशिकची अंबड एमआयडीसी असो की सातपूर.

पहिलं म्हणजे संडास आणि प्यायचं पाणी. हसू नका. बायकांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं, आणि रोज साफ कोण करणार ते ठरलेलं. डबा खायला पंख्याखाली जागा. एवढं नसताना भिंतीवर 'कर्मचारी हीच आमची संपत्ती' लिहिलं तर लोक हसतात, तुमच्या तोंडावर नाही एवढंच.

मग कागदपत्रं. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, काढाल, पण घरच्यांची नावं टाकलीत का तेही बघा, आणि सातपूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे हे नव्या पोराला सांगा, नाहीतर आई आजारी पडली की तो आधी व्याजाने पैसे उचलतो. ओटी म्हणजे ओव्हरटाइम दुप्पट दराने, पे स्लिपवर दिसेल असा. दहा किंवा जास्त माणसं असली की २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष बाईच हवी आणि एक मेंबर बाहेरचा, त्यामुळे वहिनींचं नाव टाकून मोकळं होऊ नका.

सुट्ट्यांचं आपल्याकडचं गणित वेगळंय. पेठ-सुरगाण्याची पोरं पाऊस पडला की भाताच्या आवणीला जाणारच, निफाड-दिंडोरीवाल्यांचा जीव फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षात असतो, मग दांडी मारली म्हणून पगार कापत बसण्यापेक्षा महिनाभर आधी विचारून शिफ्ट लावा ना. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये कुंभाच्या स्नानांना रस्ते बंद असणार, ते दिवस आत्ताच कॅलेंडरवर टाका.

आता वाढीचं. स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कुठलं काम किती येतं ते गोल भरून दाखवणारा, तक्ता बहुतेक ठिकाणी ऑडिटरसाठी लावलेला असतो आणि त्यातले गोल वर्षानुवर्षं तेवढेच भरलेले. तो खरा करा. हेल्परला व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशिनवर, जॉब लोड करायला कधी शिकवणार, शिकवणार कोण, ऑपरेटरचा सेटर, म्हणजे मशिन सेट करून देणारा, झाला की पगार कितीने वाढणार, हे भरतीच्या वेळीच सांगायचं, आकड्यासकट. शिकवणाऱ्या सेटरलाही काहीतरी द्या, कारण फुकटात आपली विद्या तो का देईल, उद्या तोच पोरगा त्याच्या जागेवर बसेल ही भीती त्याला असतेच. आणि शिकवण्याचा वेळ शिफ्टमधलाच हवा, सुट्टीच्या दिवशी बोलावून ट्रेनिंग म्हणजे ओटी बुडवणं. अर्धवट शिकलेल्यांना गंगापूर रोडच्या पुढे मुक्त विद्यापीठ आहेच, परीक्षेच्या दिवसांत रजा दिली तरी पुष्कळ.

सुपरवायझर निवडताना मात्र घाई नको. प्रोडक्शन काढतो म्हणून शिव्या देणारा माणूस ठेवलात तर वरचं सगळं पाण्यात, कारण कामगाराला कंपनी म्हणजे तोच दिसतो. त्याच्या हाताखालची किती माणसं सोडून गेली हे दर तीन महिन्यांनी बघा, रिजेक्शनचा आकडा बघता तसंच.

योगा डे, केक वगैरे नंतर. त्याआधी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर बोर्डावर लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि पहिल्या महिन्यात प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला, केबिनमध्ये बोलावून नको, तिथे सगळे 'सगळं ठीके साहेब' म्हणतात, चहाच्या सुट्टीत मशिनपाशी जाऊन बोला.