सुईच्या आधी श्वास

रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला वडोदऱ्याच्या एका रुग्णालयात माझ्याकडे फुफ्फुसातल्या गाठीच्या बायॉप्सीचं, म्हणजे सुईने तपासणीसाठी तुकडा काढण्याचं, प्लॅनिंग आलं. पेशंट दांडिया बाजारातल्या आजी. मराठी ऐकून त्यांना धीर आला. त्यांचा जुना सीटी घेऊन मी रात्री सुईचा मार्ग आखला, अंतरं मोजली. सकाळी त्यांना पालथं झोपवून स्कॅन केला, तर गाठ बरगडीच्या आड! जुना सीटी उताणं झोपवून, छाती भरून श्वास घेतल्यावर काढलेला. सरांनी माझा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी आजींना श्वास धरायला शिकव."

म्हणून नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते, जुन्या सीटीवर फक्त बाजू ठरवा. मार्ग ठरवायचा तो सुई घालताना पेशंट जसा झोपणार तसाच झोपवून, पाठीवर ग्रिड (स्कॅनमध्ये दिसणाऱ्या खुणेच्या रेघांची पट्टी) चिकटवून काढलेल्या नव्या स्कॅनवर. मोठा श्वास दर वेळी कमी-जास्त भरला जातो. त्यापेक्षा नेहमीसारखा श्वास सोडून थांबणं बऱ्याच जणांना सारखं जमतं. फुफ्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासाबरोबर जास्त हलते, तिथे हा सराव टाळूच नका. आजींना "थांबा", गुजराती काकांना "श्वास रोकी राखो". पण एका पेशंटला शब्द दर वेळी तेच.

सगळ्यात जवळचा मार्ग चांगला असेलच असं नाही. वाटेत फुफ्फुसाच्या दोन खंडांमधली फट ओलांडली तर फुफ्फुसाचं आवरण जास्त वेळा भोसकलं जातं, आणि छातीत हवा साठण्याची भीती वाढते. बरगडीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, म्हणून सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून न्यायची. प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा) १.५ च्या आत आहे ना, हे आदल्या दिवशीच पाहून ठेवा.

सुईचं टोक स्क्रीनवर फसवतं. स्लाइस, म्हणजे स्कॅनचा एक आडवा काप, सुईला मधेच कापत असेल, तर तुटलेला दांडाच टोकासारखा दिसतो. खऱ्या टोकापुढे बारीक काळी सावली पडते. ती दिसेपर्यंत एकेक स्लाइस वरखाली करा.

आजींच्या वेळी १९ गेजच्या जाड सुईतून २० गेजची बारीक सुई घालून तुकडे घेतले; आवरण एकदाच भोसकलं. मग त्यांना लगेच उताणं केलं, म्हणजे सुईची जागा खाली दबली. एक्स-रे होईपर्यंत मी शेजारी बसून होते. आजींनी हळूच विचारलं, "आता मोकळा श्वास घेऊ ना गं?"