चढ आणि एक बिंदू: रेषेचं समीकरण न चुकता कसं काढावं

‘आधी य = मक्ष + क लिहा, मग क काढा’ हा सल्ला अजूनही क्लासमध्ये सर्रास मिळतो (म म्हणजे रेषेचा चढ, क म्हणजे क्ष = ० असताना येणारा य). तो सोडा. बिंदू हातात असताना आधी क शोधत बसायचं कारणच नाही. थेट हे मांडा:

य − (बिंदूचा य) = चढ × (क्ष − बिंदूचा क्ष)

हे वेगळं पाठ करावं लागत नाही. चढ म्हणजे य मधला फरक भागिले क्ष मधला फरक. दहावीला शिकलेली तीच व्याख्या, फक्त छेद दुसऱ्या बाजूला गेलाय.

मग किंमती भरा. मुलं अडकतात ती इथेच. समजा चढ −२/३ आणि बिंदू (४, −५) आहे. सूत्रातलं वजा सूत्राचं, −५ मधलं वजा बिंदूचं. दोन्ही लिहायचीच, कंस घालून:

य − (−५) = −२/३ (क्ष − ४)

कृपा करून ही ओळ गाळू नका. ‘तोंडी होतं’ म्हणणाऱ्या हुशार मुलांच्याच वहीत मला य − ५ सापडतं, आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. दुसरा धोका अपूर्णांकाचा. कंस सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना ३ ने गुणा, आणि डावीकडच्या ५ लाही गुणा:

३य + १५ = −२क्ष + ८

सगळं एका बाजूला आणा: २क्ष + ३य + ७ = ०.

बिंदू घालून पडताळा: ८ − १५ + ७ = ०. ही पडताळणी परीक्षेतही करायचीच.

आता पुण्याची रिक्षा घ्या. १ सप्टेंबर २०२२ ला लागू झालेल्या दरात पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये होते, पुढे किलोमीटरला १७. म्हणजे चढ १७, बिंदू (१.५, २५):

य − २५ = १७(क्ष − १.५), म्हणून य = १७क्ष − ०.५

पाच किलोमीटरला ८४.५० रुपये. इथे क = −०.५ येतो, आणि उणे पन्नास पैसे भाडं कुठल्याच प्रवासाचं नसतं. ही रेषा दीड किलोमीटरपासून पुढेच खरी. म्हणूनच सुरुवात क पासून नको, खऱ्या बिंदूपासून करा.

रेषा उभी असेल तर चढ ठरवताच येत नाही, सूत्रही चालत नाही. (४, −५) मधून जाणाऱ्या उभ्या रेषेचं समीकरण सरळ क्ष = ४ लिहा.